अपुऱ्या कामाची भर सभेत परीक्षा

ऑगस्ट २०१० च्या अखेरीस नवी दिल्लीत ‘सिगकॉम’ ही परिषद भरली होती. कॉम्प्युटर नेटवर्कच्या क्षेत्रात सिगकॉमला जो मान आहे तो फार थोड्या परिषदांना आहे, आणि ती भारतात येणं ही लहान गोष्ट नव्हती. तिथे मांडल्या गेलेल्या एका निबंधाचं नाव होतं ‘डेटा सेंटर टीसीपी’. निबंधावर आठ नावं होती. त्यांतली बहुतेक मायक्रोसॉफ्टमधल्या अनुभवी संशोधकांची. पण पहिलं नाव मोहम्मद अलिझादेह यांचं होतं आणि ते त्या वेळी स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएचडी करत होते.

निबंधातला प्रश्न असा होता. आपण इंटरनेटवर काही शोधतो तेव्हा त्या एका शोधाचं उत्तर डेटा सेंटरमधले कितीतरी सर्व्हर मिळून तयार करतात. सगळ्यांचे तुकडे जवळजवळ एकाच क्षणी एका स्विचवर येऊन आदळतात. स्विचमधली तात्पुरती साठवण भरते आणि नंतर आलेली पॅकेट गळून पडतात. नेटवर्कवरची वाहतूक सांभाळणारा टीसीपी हा नियमसंच अशा वेळी सावध होऊन पाठवण्याचा वेग एकदम निम्म्यावर आणतो. काही उत्तरं वेळेवर पोचतच नाहीत. या गटाने चालू वापरातल्या ६००० सर्व्हरच्या क्लस्टरवर मोजमापं घेतली आणि उपाय सुचवला: रांग वाढू लागताच स्विचने पॅकेटवर खूण करावी, आणि किती पॅकेटवर खूण आहे ते पाहून पाठवणाऱ्याने तेवढ्याच प्रमाणात वेग कमी करावा. थोडी गर्दी असेल तर थोडाच. एवढ्या बदलाने स्विचमधली साठवण ९० टक्के कमी वापरूनही माल तितकाच किंवा जास्त जाऊ लागला. पुढे ही पद्धत विंडोज सर्व्हरमध्ये आणि लिनक्समध्ये आली, आणि २०१७ मध्ये आरएफसी ८२५७ या क्रमांकाने इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत तिची नोंद झाली.

हे उदाहरण अपवादाचं नाही. नेटवर्क आणि सायबर सुरक्षा या दोन्ही शाखांत निबंधावर पहिलं नाव बहुतेकदा पीएचडीच्या विद्यार्थ्याचं असतं, आणि मंचावर उभं राहून बोलतो तोही विद्यार्थीच. मार्गदर्शक समोरच्या रांगेत बसलेले असतात. प्रश्न येतो तेव्हा ते सहसा मध्ये पडत नाहीत, आणि पडूही नये, कारण ज्याने कोड लिहिला, रात्री जागून मोजमापं घेतली, त्यालाच ते उत्तर देता येतं.

परिषदेला एवढं महत्त्व का, हे बाहेरच्या वाचकाला चटकन उमगत नाही. इतर अनेक शास्त्रांत परिषदेतलं भाषण म्हणजे काम लोकांच्या कानावर घालणं. पक्की नोंद नियतकालिकात होते. कॉम्प्युटर शास्त्रात उलट आहे. सिगकॉम किंवा सुरक्षेतल्या चार मोठ्या परिषदा (आयईईई सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, युझेनिक्स सिक्युरिटी, एसीएम सीसीएस आणि एनडीएसएस) यांना पूर्ण निबंध पाठवावा लागतो. लेखक कोण हे न कळता परीक्षक तो तपासतात आणि आलेल्यांपैकी बहुतेक निबंध परत जातात. सुरक्षेतल्या या चौघींपैकी पहिलीला, म्हणजे आयईईईच्या परिषदेला, जुनी मंडळी अजून ‘ओकलंड’ म्हणतात, कारण १९८० पासून तीन दशकं ती तिथल्या एकाच हॉटेलात भरत असे. नियतकालिकाच्या संथ चालीने गेलं तर ज्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिलं ते निबंध छापून येईपर्यंत बदललेलं असतं, म्हणून या क्षेत्राने परिषदेलाच नियतकालिकाची कठोरता दिली.

निबंध पाठवण्याची मुदत अनेकदा ‘पृथ्वीवर कुठेही’ या हिशेबाने दिलेली असते, म्हणजे जगाच्या पाठीवर कुठेतरी ती तारीख शिल्लक असेपर्यंत निबंध चालतो. भारतात ती घटका दुसऱ्या दिवशी सायंकाळी ५ वाजून २९ मिनिटांनी संपते. पवईतल्या, कानपूरमधल्या, बंगळुरूतल्या प्रयोगशाळांत त्या दुपारी कोणी जेवायला जात नाही.

पण हे झालं तयार कामाचं. मला या लेखात ज्याबद्दल मनापासून सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं: अजून न झालेलं, अर्ध्यात असलेलं काम लोकांपुढे मांडणं. त्यासाठी या परिषदांनी वेगळ्या जागा केल्या आहेत. मुख्य परिषदेच्या आगेमागे भरणाऱ्या कार्यशाळा असतात. पोस्टरचं सत्र असतं, त्यासाठी दोनेक पानांचा सारांश पुरतो. चालू कामावर पाच मिनिटांची झटपट भाषणं असतात. आणि काही ठिकाणी खास पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी मंच असतो, जिथे ते आपल्या प्रबंधाचा आराखडा दुसऱ्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांपुढे ठेवतात. आपल्या विद्यापीठातल्या समितीपुढे विद्यार्थी दर सहा महिन्यांनी प्रगती सांगतच असतो, पण ती माणसं त्याला ओळखतात, त्याच्या गाईडला ओळखतात, आणि त्यांतली बरीच त्या विषयातली नसतात. परक्या माणसाला कसलीच भीड नसते.

‘हॉटनेट्स’ ही कार्यशाळा २००२ पासून भरते. तिथे सहा पानांत नवी कल्पना मांडायची. सगळे पुरावे हातात असायलाच हवेत असा आग्रह नाही. २०१० च्या हॉटनेट्समध्ये बॉब लँट्झ आणि स्टॅनफर्डचे ब्रँडन हेलर व निक मॅकिओन यांनी एक साधन दाखवलं. हेलर तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी होते. कल्पना अशी की शेकडो कॉम्प्युटर आणि स्विच यांचं अख्खं नेटवर्क एका लॅपटॉपच्या आत उभं करायचं, लिनक्सच्याच सोयी वापरून. त्याचं नाव मिनिनेट. आज आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही, जिथे महागडे स्विच घेणं परवडत नाही, विद्यार्थी याच मिनिनेटवर नेटवर्कचे प्रयोग करतात.

त्याच विद्यापीठातल्या मार्टिन कसाडो यांची वाटचाल तर दोन परिषदांच्या मधल्या काळात कामाचं काय होतं याचा नमुनाच आहे. पीएचडीआधी ते लॉरेन्स लिव्हरमोर या अमेरिकी राष्ट्रीय प्रयोगशाळेत नेटवर्क-सुरक्षेच्या कामावर होते. २००६ च्या युझेनिक्स सिक्युरिटीत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘सेन’ नावाची रचना मांडली. संस्थेच्या नेटवर्कमध्ये कोणी कोणाशी बोलायचं हे एका मध्यवर्ती नियंत्रकाने ठरवायचं, परवानगीशिवाय एकही पॅकेट हलायचं नाही. कल्पना स्वच्छ होती, पण ती आणायची तर नेटवर्कमधली प्रत्येक वस्तू बदलावी लागली असती. एका वर्षाने, २००७ मध्ये क्योटोच्या सिगकॉममध्ये, तीच कल्पना ‘ईथेन’ या नावाने आली. आता ती जुन्या उपकरणांबरोबर नांदू शकत होती, आणि स्टॅनफर्डमध्ये ३०० हून अधिक कॉम्प्युटरवर काही महिने प्रत्यक्ष चालवून पाहिलेली होती. यातूनच पुढे ओपनफ्लो आणि सॉफ्टवेअरने चालवायच्या नेटवर्कचं सगळं पर्व सुरू झालं. कसाडो यांनी सहकाऱ्यांबरोबर काढलेली निसिरा ही कंपनी २०१२ मध्ये व्हीएमवेअरने १.२६ अब्ज डॉलरला घेतली. पैशाचा आकडा बाजूला ठेवला तरी सेन ते ईथेन हे एका वर्षाचं अंतर पाहण्यासारखं आहे. काम पूर्ण निर्दोष होईपर्यंत दडवून ठेवलं असतं तर व्यवहार्य रूप इतक्या लवकर आलं असतं असं मला वाटत नाही.

आता पोस्टरच्या सत्रात नेमकं काय होतं ते पाहू. मोठ्या हॉलमध्ये फळ्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीवर एक पोस्टर, आणि शेजारी विद्यार्थी. लोक हातात चहा-कॉफी घेऊन फिरत असतात. कोणीतरी थांबतं आणि म्हणतं, “सांगा.” दोन-तीन मिनिटांत सांगून व्हावं लागतं, कारण त्यानंतर माणूस पुढच्या फळीकडे जातो. काम सुरक्षेचं असेल तर पहिला प्रश्न जवळपास ठरलेला: तुमचं थ्रेट मॉडेल काय? म्हणजे हल्लेखोर कोण धरला आहे, त्याच्या हातात काय आहे, त्याला काय ठाऊक आहे आणि काय करता येत नाही असं तुम्ही मानता? ज्याला हे दोन वाक्यांत सांगता येत नाही त्याचं पुढचं काम कितीही सुंदर असलं तरी ऐकणारा मनातून निघून गेलेला असतो. दुसरा प्रश्न: डेटा कुठला?

या दुसऱ्या प्रश्नापाशी थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांचं भवितव्य त्यात अडकलेलं आहे. नेटवर्कमध्ये घुसखोरी ओळखणारी यंत्रणा, आणि त्यासाठी मशीन लर्निंग, हा भारतातल्या पीएचडींचा फार आवडता विषय. त्यासाठी हमखास वापरला जाणारा डेटासंच म्हणजे ‘केडीडी कप ९९’. तो आला १९९८ मध्ये अमेरिकेत तयार केलेल्या वाहतुकीतून: हवाई दलाच्या नेटवर्कची नक्कल उभारून, त्यावर त्या काळचे हल्ले सोडून. म्हणजे ज्या काळात यूट्यूब नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, बहुतेक वाहतूक आजच्यासारखी कूटबद्धही नव्हती, त्या काळाचं ते चित्र. त्यात एकाच प्रकारच्या नोंदींची प्रचंड पुनरावृत्ती होती. २००९ मध्ये ती काढून टाकून ‘एनएसएल-केडीडी’ ही सुधारित आवृत्ती आली, पण काळ तोच राहिला. या डेटावर ९९ टक्के अचूकता मिळवणं अवघड नाही. ती मिळाल्याचे निबंध आजही लिहिले जातात.

त्या ९९ टक्क्यांचा अर्थ काय होतो ते आकड्यांतच पाहावं. समजा एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर दिवसाला १० लाख जोडण्या होतात आणि त्यांतल्या १० खरोखर हल्ल्याच्या आहेत. यंत्रणा हल्ला आणि साधी जोडणी दोन्ही ९९ टक्के वेळा बरोबर ओळखते. तर ती ते दहाही हल्ले बहुधा पकडेल. पण उरलेल्या ९,९९,९९० निरुपद्रवी जोडण्यांपैकी एक टक्का, म्हणजे जवळजवळ १०,००० जोडण्यांवर ती खोटी घंटा वाजवेल. दिवसाला दहा हजार खोट्या इशाऱ्यांत दहा खरे. कुठलाही नेटवर्क सांभाळणारा माणूस दुसऱ्या दिवशी ती यंत्रणा बंद करेल. स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ मध्येच हे गणित सीसीएस परिषदेत मांडलं होतं. २०१० मध्ये रॉबिन सॉमर आणि व्हर्न पॅक्सन यांनी ओकलंडच्या परिषदेत पुन्हा विचारलं की प्रयोगशाळेत इतकं यशस्वी ठरणारं मशीन लर्निंग प्रत्यक्ष नेटवर्कवर का दिसत नाही. आणि हा दोष केवळ नवख्यांचा आहे असंही नाही. २०२२ च्या युझेनिक्स सिक्युरिटीत डॅनियल आर्प आणि सहकाऱ्यांनी नामांकित परिषदांतले ३० निबंध तपासले, आणि त्यांतल्या प्रत्येकात मशीन लर्निंग वापरण्यातल्या किमान तीन चुका सापडल्या.

पीएचडीच्या पहिल्या वर्षात कुणीतरी पोस्टरसमोर उभं राहून “डेटा कुठला, आणि खोट्या घंटा किती?” असं विचारलं, तर विद्यार्थ्याची एक संध्याकाळ वाईट जाते. हाच प्रश्न प्रबंध बांधून झाल्यावर बाहेरच्या परीक्षकाने विचारला तर चार वर्षं जातात. आणि कुणी कधीच विचारला नाही तर त्याहून वाईट: ते काम कधीच कुणाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून अर्ध्यावरचं काम दाखवण्याची ही पद्धत मला अत्यंत मोलाची वाटते. चूक दुरुस्त करणं स्वस्त असतं त्याच टप्प्यावर ती इथे सापडते.

कधी कधी ही दुरुस्ती सगळ्यांच्या देखत आणि तासांच्या हिशेबात होते. १७ ऑगस्ट २००४ ला कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे ‘क्रिप्टो’ परिषदेच्या रात्रीच्या अनौपचारिक सत्रात चीनच्या प्राध्यापक शाओयुन वांग उभ्या राहिल्या. एमडी५ हा मजकुराचा ठसा काढणारा नियम त्या काळी जगभर वापरात होता. दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा एकच येऊ नये ही त्याची अट. वांग यांच्या गटाने तसे दोन मजकूर प्रत्यक्ष तयार करून दाखवले. पण पहिल्या मसुद्यात गणिताच्या सुरुवातीच्या आकड्यांतल्या बाइटचा क्रम चुकला होता, त्यामुळे ती उदाहरणं खऱ्या एमडी५ ची नव्हती. चूक लक्षात आणून दिल्यावर गटाने लगेच खऱ्या एमडी५ साठी नवी उदाहरणं काढून दिली. पद्धत मुळातून बरोबर असल्याचा याहून चांगला पुरावा कुठला? सभागृह उभं राहिलं. चार वर्षांनी, डिसेंबर २००८ मध्ये, बर्लिनच्या एका मेळाव्यात एका आंतरराष्ट्रीय गटाने २०० प्लेस्टेशन ३ यंत्रांवर गणित करून वेबसाइटना ओळखपत्र देणारं खोटं प्रमाणपत्र बनवून दाखवलं. त्या गटात अ‍ॅमस्टरडॅमचे मार्क स्टीव्हन्स होते, तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी. एमडी५ वरच्या प्रमाणपत्रांचा शेवट तिथून जवळ आला.

अर्धवट काम दाखवायला विद्यार्थी कचरतात त्याचं एक कारण अगदी खरं आहे: कल्पना दुसऱ्याने उचलली तर? किंवा दुसरा गट तेच करत असेल तर? २०१२ मध्ये नेमकं हे घडलं. नादिया हेनिंगर आणि मिशिगन विद्यापीठातला एक गट इंटरनेटवरच्या यंत्रांच्या कूटलेखनाच्या किल्ल्या गोळा करून तपासत होता. आरएसए पद्धतीची सार्वजनिक किल्ली दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते. दोन वेगळ्या यंत्रांच्या किल्ल्यांत चुकून एक मूळ संख्या सामाईक निघाली तर शाळेतला मसावि काढून दोन्ही किल्ल्या फोडता येतात. स्वस्त राउटर आणि फायरवॉल पहिल्यांदा सुरू होतात तेव्हा त्यांच्याकडे यादृच्छिक संख्या काढायला पुरेशी सामग्रीच नसते, म्हणून असं खरोखर घडत होतं: सुरक्षित जोडणीचा टीएलएस हा नियमसंच वापरणाऱ्या यंत्रांपैकी अर्ध्या टक्क्याच्या खासगी किल्ल्या या गटाला काढता आल्या. काम चालू होतं, कंपन्यांना कळवणं बाकी होतं, आणि फेब्रुवारीत युरोपातल्या आर्येन लेन्स्ट्रा यांच्या गटाने स्वतंत्रपणे शोधलेला तोच दोष जाहीर केला. हेनिंगर यांनी लागलीच आपल्या चालू कामाचा गोषवारा लोकांपुढे ठेवला आणि दोष बहुतांशी लहान उपकरणांत आहे, घाबरून जाऊ नका, असं समजावलं. ऑगस्टमध्ये त्यांचा पूर्ण निबंध युझेनिक्स सिक्युरिटीत आला आणि सर्वोत्कृष्ट ठरला. दोन गटांनी एकच गोष्ट शोधली म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही. पुढच्याच वर्षी मिशिगनच्या गटातल्या झाकिर दुरुमेरिच आणि एरिक वुस्त्रो या विद्यार्थ्यांनी ‘झेडमॅप’ आणलं: एका साध्या यंत्रावरून, ४५ मिनिटांच्या आत, अख्ख्या आयपीव्ही४ इंटरनेटची पाहणी.

नेटवर्कच्या कामाला नसलेली एक अडचण मात्र सुरक्षेच्या कामाला आहे. चालू काम जास्त सांगितलं तर भोक उघडं पडतं. त्रुटी ज्यांच्या वस्तूत आहे त्यांना आधी कळवायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा आणि मग बोलायचं, असा संकेत आहे. वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ मधला ‘क्रॅक’ हा दोष मॅथी व्हॅनहूफ यांना सापडला. जुलै २०१७ मध्ये त्यांनी उत्पादकांना कळवायला सुरुवात केली, १६ ऑक्टोबरला तो जाहीर झाला, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी डॅलसच्या सीसीएसमध्ये त्यावर भाषण झालं. मधले तीन महिने तोंड बंद.

आपल्या खिशाशी थेट संबंध असलेलं उदाहरण यूपीआयचं. मिशिगन विद्यापीठातल्या रेणुका कुमार, त्यांचे दोन सहकारी आणि प्राध्यापक अतुल प्रकाश यांनी यूपीआयच्या पहिल्या आवृत्तीचा अभ्यास केला. तिची रचना प्रसिद्ध नव्हती, म्हणून सात लोकप्रिय अ‍ॅप आतून उलगडून त्यांनी ती शोधून काढली. ओळख पटवण्याच्या पायऱ्यांतच दोष निघाले. फोनमध्ये हल्लेखोराचं एखादं अ‍ॅप शिरलं असेल, तर ज्याने कधी यूपीआय वापरलंच नाही त्याचंही बँक खातं जोडून रिकामं करता आलं असतं. त्रुटी आधी संबंधितांना कळवल्या गेल्या, मुख्य वाट यूपीआय २.० मध्ये बंद झाली, आणि निबंध २०२० च्या युझेनिक्स सिक्युरिटीत आला. महामारीमुळे ती परिषद पडद्यावरच भरली.

कळवूनही कधी न्यायालय आडवं येतं. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेल्या ‘मेगामॉस’ या चिपच्या कूटलेखनातले दोष बर्मिंगहॅमचे फ्लाव्हियो गार्सिया आणि नेदरलँड्समधले रोल व्हरडुल्ट व बारिश एगे यांनी शोधले. फोक्सवॅगन लंडनच्या उच्च न्यायालयात गेली, २०१३ मध्ये प्रकाशनाला मनाई झाली आणि निबंध दोन वर्षांनी, एक वाक्य वगळून, छापला गेला. पीएचडीच्या माणसाच्या आयुष्यात दोन वर्षं ही फार मोठी गोष्ट आहे. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमं परवानगीशिवाय यंत्रणेत शिरण्याबद्दल कडक आहेत. आपल्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या चालू सर्व्हरवर हात टाकण्याआधी गाईडने आणि संस्थेने लेखी परवानगीचा विचार करायलाच हवा.

आणि संशोधकाची बाजू नेहमी बरोबर असते असंही नाही. २०२० मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या दोघांनी लिनक्सच्या स्वयंसेवकांना न सांगता मुद्दाम सदोष दुरुस्त्या पाठवून ते पकडतात का हे पाहिलं. ओकलंडच्या परिषदेने तो निबंध स्वीकारला होता. २०२१ मध्ये लिनक्सच्या मंडळींनी अख्ख्या विद्यापीठाच्या योगदानावर बंदी घातली आणि निबंध मागे घ्यावा लागला. माणसांवर प्रयोग होतोय हे कुणीतरी लवकर बोलून दाखवलं असतं तर हे टळलं असतं. चालू काम मांडण्याचा हाही एक उपयोग आहे.

आता आपल्या घरचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी एक निबंध प्रसिद्ध करणं आणि परिषदांत दोन सादरीकरणं करणं सक्तीचं होतं. हेतू चांगला होता. पण सक्ती आली तशी पैसे भरा, दहा मिनिटं वाचा, प्रमाणपत्र घ्या अशा परिषदांची बाजारपेठ फुलली. तिथे प्रश्न विचारायला कुणी नसतं. पुढच्या वक्त्यांशिवाय सभागृहात माणूस नसतो. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली. माझ्या मते ते योग्यच झालं, पण सक्ती गेली म्हणून विद्यार्थ्याला कुठेच न पाठवणं हा त्याचा अर्थ होऊ नये.

चांगल्या जागा आपल्याकडे आहेत. बंगळुरूला २००९ पासून दर जानेवारीत ‘कॉमस्नेट्स’ भरते. तिथे पोस्टर आहेत आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र मंच आहे. माहिती-सुरक्षेवरची ‘आयसीआयएसएस’ २००५ पासून देशात फिरते. २०१७ मध्ये ती मुंबईत आयआयटीत झाली. इथून बाहेर गेलेलं कामही कमी प्रतीचं नाही. दिल्लीच्या आयआयआयटीतल्या संबुद्ध चक्रवर्ती यांच्या गटाने देशातल्या नऊ इंटरनेट कंपन्या वेबसाइट कशा अडवतात हे मोजलं आणि २०१८ मध्ये बॉस्टनच्या इंटरनेट मेजरमेंट परिषदेत मांडलं. एका कंपनीच्या तपासलेल्या ९० टक्क्यांहून जास्त मार्गांवर अडवणारी उपकरणं होती, दुसरीच्या फक्त अडीच टक्के. असं काम भारतात बसूनच होऊ शकतं.

परदेशातल्या परिषदेला जायचं तर अडचण पैशाची आणि व्हिसाची आहे, ती खोटी नाही. निबंध स्वीकारल्याचं कळल्यापासून परिषदेपर्यंत काही महिनेच असतात, आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीची तारीख त्याआधी मिळेलच असं नाही. म्हणून निबंध पाठवतानाच पासपोर्ट तपासून ठेवावा. खर्चासाठी एसीएम इंडियाचं प्रवास अनुदान आहे. सिगकॉम आणि युझेनिक्सही विद्यार्थ्यांना मदत देतात, अर्ज मात्र वेळेत करावा लागतो. बोलण्याची भीती हा तिसरा अडसर. जिल्ह्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेली मुलंमुली इंग्रजीतल्या प्रश्नाला घाबरतात. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला सांगावं, तिथे कुणी नाव ठेवत नाही. आणि निघण्याआधी प्रयोगशाळेतल्या मित्रांपुढे चार वेळा पूर्ण भाषण करून पाहावं.

युझेनिक्सचे आणि एनडीएसएसचे सगळे निबंध कुणालाही फुकट वाचता येतात, युझेनिक्सच्या बऱ्याच भाषणांच्या ध्वनिचित्रफितीही फुकट पाहता येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी पीएचडी करणाऱ्याने आठवड्याला एक वाचावा, एक पाहावं. आणि गाईड मंडळींना माझी विनंती आहे: विद्यार्थ्याचं काम पूर्ण व्हायची वाट पाहू नका. दुसऱ्या वर्षात, आकडे कच्चे असतानाच, दोन पानांचा सारांश लिहायला लावा आणि पुढच्या जानेवारीत त्याला किंवा तिला पोस्टर घेऊन बंगळुरूला पाठवा.